इंकजेट फोटोवरचा क्लिअर ग्लॉस: जळगावच्या हवेत दोन वर्षे वापरून पाहिल्यावर

माझ्याकडे एप्सनचा एल८०५ हा सहा रंगांच्या टाक्यांचा प्रिंटर आहे. त्यावर छापलेल्या फोटोंवर गेल्या दोन वर्षांत मी चार प्रकारचे पारदर्शक थर देऊन पाहिले: रंगाच्या दुकानात मिळणारा ॲक्रिलिक लॅकरचा क्लिअर स्प्रे, चित्रकार वापरतात ते पाण्यात मिसळणारे ग्लॉस वॉर्निश, अतिनील किरण अडवण्याचा दावा करणारा खास प्रिंटसाठीचा परदेशी स्प्रे आणि स्टुडिओवाल्यांचे कोल्ड लॅमिनेशन. पाचवा प्रकार, म्हणजे प्रिंटरच्या आतच भरलेली बिनरंगाची शाई, धुळ्याच्या एका छायाचित्रकार मित्राच्या यंत्रावर पाहिला. या सगळ्यांतून बनलेले माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांचा वेळ वाचेल. चकाकी हवी असेल तर ती कागदाबरोबरच विकत घ्यावी, स्प्रेकडून तिची अपेक्षा ठेवू नये. स्प्रेचा खरा उपयोग फोटो दहा हातांतून फिरणार असेल, काचेवाचून उघडा राहणार असेल किंवा मॅट कागदावर छापलेला असेल तेव्हा होतो. आणि आपल्या खानदेशात तो कोणत्या महिन्यात मारला, यावर निम्मा निकाल अवलंबून असतो.

आधी शाईचे बोलले पाहिजे, कारण दुकानदार ते बोलत नाहीत. इंकजेटच्या शाया दोन जातींच्या असतात. डाय जातीच्या शाईत रंग पूर्णपणे विरघळलेला असतो; तो कागदावरच्या लेपात मुरतो आणि पृष्ठभागावर जवळपास काहीच उरत नाही, त्यामुळे ग्लॉसी कागदाची मूळची चकाकी छापल्यानंतरही तशीच राहते. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण राळेच्या वेष्टनात असतात आणि ते लेपाच्या वरच्या अंगाला थर करून बसतात. मग ग्लॉसी कागदावर पांढरी जागा आरशासारखी आणि रंगाची जागा मंद, अशी दुहेरी चकाकी दिसते, शिवाय फोटो उजेडात तिरपा धरला की काळ्या भागावर पितळेसारखी झाक उठते. या झाकेला धंद्यातले लोक ब्राँझिंग म्हणतात. एल८०५ च्या सहाही शाया डाय जातीच्या आहेत. म्हणजे ज्या दोषावर क्लिअर ग्लॉसचा थर हा उपाय आहे तो दोष माझ्या प्रिंटांत नव्हताच, आणि हे मला पहिला कॅन संपल्यावर कळले.

तरीही तो कॅन वाया गेला असे म्हणणार नाही, कारण त्यातून एक गोष्ट डोळ्यांना दिसली. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी जो घोडेबाजार भरतो, तिथे मी एका काळ्याभोर घोड्याचा फोटो काढला होता. तो मी तीन कागदांवर छापला: एक चांगल्यापैकी जाड आरसी ग्लॉसी, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर असलेला, दुसरा बाजारात सर्रास मिळणारा स्वस्त १८० जीएसएमचा ग्लॉसी, आणि तिसरा मॅट. तिन्हींवर अर्धा भाग वर्तमानपत्राने झाकून उरलेल्या अर्ध्यावर तीन हलके हात स्प्रे मारला. आरसी कागदावर झाकलेल्या आणि उघड्या भागात फरक शोधावा लागला. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दोन्हीकडे सारखेच लख्ख, उलट स्प्रेच्या भागात त्या प्रतिबिंबाची कड किंचित थरथरल्यासारखी दिसत होती. मॅट कागदावर मात्र घोडा अर्धा जागा झाला. झाकलेल्या अर्ध्यात त्याची मान पाटीसारखी करडी होती. उघड्या अर्ध्यात ती खरोखर काळी झाली आणि मानेवरची एक शीर, जी आधी दिसतच नव्हती, ती वर आली.

याचे कारण साधे आहे. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो आणि त्यावर पडणारा पांढरा उजेड तो सगळ्या दिशांना उधळतो; तो उधळलेला उजेड काळ्यावर पांढऱ्या धुळीसारखा पसरतो. छपाईत काळेपणा घनतेच्या आकड्यात मोजतात. मॅट कागदावर हा आकडा सुमारे १.६ पर्यंत जातो, म्हणजे पडलेल्या उजेडाचा सुमारे अडीच टक्के भाग परत येतो. चांगल्या ग्लॉसीवर तो २.२ च्या आसपास असतो, म्हणजे पाऊण टक्काही परत येत नाही. स्प्रेतली राळ कागदाच्या लेपातली सूक्ष्म छिद्रे भरून काढते. त्या लेपातली सिलिका आणि ही ॲक्रिलिक राळ यांत उजेड जवळजवळ सारख्याच प्रमाणात वळतो, म्हणून छिद्रांतल्या हवेमुळे होणारी उधळण थांबते. नदीच्या पात्रातला दगड ओला असताना काळाभोर दिसतो आणि वाळला की करडा पडतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे दगड कायमचा ओला राहतो. एवढे मात्र लक्षात घ्यावे की तीन हातांनंतरही मॅट कागद ग्लॉसी झाला नाही, रेशमी झाला. सहा हात मारून पाहिले तेव्हा तो चकाकला खरा, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला आणि कागद वळवताच कोपऱ्यात थराला तडा गेला.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. डार्करूमच्या काळात ग्लॉसी ब्रोमाइड कागद ओला असतानाच क्रोमच्या चकचकीत पत्र्यावर उलटा चिकटवून वाळवत असत, आणि वाळताना त्यावरचे जिलेटिन त्या पत्र्याचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा उचलत असे. तेव्हाही चकाकी वरून ओतलेली नव्हती, कागदातूनच काढलेली होती. छायाचित्रात काळा रंग किती प्रकारचा असू शकतो हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी चाळीसगावला केकी मूस यांच्या राहत्या घरातल्या संग्रहालयात एक दुपार घालवावी. टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तूंची मांडणी करून केलेल्या छायाचित्रणासाठी नावाजलेला हा माणूस १९८९ मध्ये गेला, इंकजेट घरोघरी पोहोचण्याच्या बऱ्याच आधी.

स्वस्त ग्लॉसी कागदाबद्दल मला थोडी तक्रार करायची आहे. मी तो जिथून घेतला त्या दुकानात तो आरसी असल्याचे सांगितले गेले होते. आरसी कागद ओळखण्याची खूण अशी की त्याच्या पाठीला ओले बोट लावले तर पाणी शोषले जात नाही, थेंब तसाच राहतो. या कागदाच्या पाठीवर बोट उमटले. असा कागद म्हणजे साध्या कागदावर एका बाजूने चकचकीत लेप दिलेला असतो. त्यावर स्प्रेचा पहिला हात मारला तेव्हा लेपातून लॅकर ठिकठिकाणी खाली उतरले, आणि कागद उलटून पाहिला तर पाठीवर भज्यांच्या पुडीसारखे तेलकट डाग पडले होते. समोरून चकाकी कुठे आहे, कुठे गेली आहे, अशी ठिगळे. दुसऱ्या हाताने ती भरून निघतील या आशेने दुसरा आणि तिसरा हात मारला, पण ज्या जागा लॅकर पीत होत्या त्या पीतच राहिल्या. अशा कागदावर क्लिअर कोट मारू नये, हे एवढ्या अनुभवावरून मी ठामपणे सांगू शकतो. त्यावर जो खर्च होईल त्यात चांगला कागद येतो.

आता हवेकडे वळतो, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान शाईने किंवा कागदाने नव्हे, हवेने केले. गेल्या श्रावणात मावशीकडे कानबाई, ही आमची खानदेशातली देवी, बसली होती. नारळावर डोळे, नथ आणि दागिने चढवलेली ती मूर्ती, मागे झेंडूची माळ आणि बाजूला रोटांची परात, असा फोटो मी छापला, आणि तो सगळ्या भाऊबंदांत वाटायचा म्हणून एकाच दिवशी सोळा प्रती काढून संध्याकाळीच गच्चीच्या जिन्यात स्प्रेला बसलो. बाहेर भुरभुर चालू होती. पहिला हात मारल्यावर प्रिंट काचेसारखे दिसले आणि मी खूश झालो. दहाएक मिनिटांनी पाहतो तो काळ्या पार्श्वभूमीवर दुधाळ साय धरल्यासारखी पांढरट झाक आलेली, आणि कानबाईच्या नथीतला लाल खडा गुलाबी झालेला. मावशीने एक प्रत हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि एवढेच म्हणाली, "हाई काय व्हयनं रे?"

झाले होते ते असे. लॅकरमधले द्रावक फार वेगाने उडते आणि उडताना पृष्ठभाग गार करते. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्पाचे अतिसूक्ष्म थेंब जमतात आणि थर वाळताना आत अडकतात. गाड्यांना रंग मारणारे कारागीर याला ब्लशिंग म्हणतात आणि पावसाळ्यात ते लॅकरचे काम टाळतात किंवा त्यात सावकाश उडणारे थिनर घालतात. कॅनमध्ये आपल्याला काही घालता येत नाही. त्यात माझी दुसरी चूक मिसळली होती: प्रिंट छापून चार तासही झाले नव्हते. शाईत पाण्याखेरीज ग्लायकोलसारखे सावकाश उडणारे द्रव असतात, आणि प्रिंट हाताला कोरडा लागला तरी ते बाहेर पडायला निदान चोवीस तास लागतात. त्यांच्यावर आधीच झाकण घातले तर ते खालून धुके धरतात. तेव्हापासून मी प्रिंट एक रात्र आणि एक दिवस साध्या कागदांच्या मध्ये घालून ठेवतो, आणि घरातल्या छोट्या आर्द्रतामापकाचा काटा ६० टक्क्यांच्या वर असेल तर कॅनला हात लावत नाही. त्या सोळांपैकी तीन प्रती मी जपून ठेवल्या होत्या. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी त्यांवर अगदी हलका एक हात मारला तेव्हा जुना थर पुन्हा मऊ होऊन अडकलेले पाणी निघून गेले, आणि दोन प्रती बऱ्याच अंशी स्वच्छ झाल्या. तिसरीवर झाक राहिली.

पावसाळ्यात दमटपणा, मग उन्हाळा बरा, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि त्या उष्णतेत स्प्रेचे थेंब कॅनपासून कागदापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धे वाळतात. कागदावर जे पडते ते द्रव नसते, चिकट भुकटी असते. बोट फिरवले तर बारीक पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागले आणि चकाकी होती तीही गेली. मग मी खोलीत येऊन कूलर लावून काम केले, आणि कूलर म्हणजे वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून पाण्याची हवा खोलीत भरणारे यंत्र हे विसरलो. त्यामुळे भर वैशाखात श्रावणातली पांढरी झाक पुन्हा पाहायला मिळाली. शिवाय कॅनवर ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असे लिहिलेले असते, आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ते तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. आतला दाबाखालचा वायू ज्वलनशील असतो. स्प्रे मारताना गॅस, उदबत्ती, देवघरातली समई यांपैकी काहीही पेटलेले नको, आणि नाकावर साधा कापडी मास्क पुरत नाही. रंगकामाचा, कोळशाची डबी असलेला मास्क लागतो.

दिवाळी सरली की फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस या कामासाठी उत्तम. हवा कोरडी, पण जाळणारी नाही. सकाळी मात्र घाई करू नये. खानदेशातल्या थंडीत कॅन गारठतो, आतला दाब कमी होतो आणि तुषारांऐवजी थुंकल्यासारखे थेंब पडतात. मी कॅन कोमट पाण्याच्या तपेलीत पाच मिनिटे उभा ठेवतो, पाणी हाताला सोसेल इतकेच, आणि अकरानंतर सुरुवात करतो. याच दिवसांत एक वेगळी अडचण येते, ती म्हणजे कापूस. जिनिंग सुरू असते, रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जातात, आणि आमच्या भागात हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. ओल्या लॅकरवर त्यातला एक जरी बसला तरी तो वाळल्यावर काढता येत नाही, काढायला गेले तर थरासकट निघतो. घोड्याच्या त्या आरसी प्रिंटवर असा एक तंतू बरोबर डोळ्यावर बसला आहे आणि पाहणारा प्रत्येक जण त्याला पापणी समजतो. उपाय म्हणून मी केळीच्या निर्यातीची पुठ्ठ्याची खोकी आणली. ती आडवी ठेवून आत प्रिंट ठेवायचा, तोंडाकडून स्प्रे मारायचा आणि लगेच दुसरे खोके उपडे घालून झाकायचे. खोक्याच्या हवेच्या भोकांवर कागद चिकटवला की झाले. इतके स्वस्त आणि इतके कामाचे दुसरे काही सापडले नाही.

हात मारण्याची पद्धत शिकायला अर्धा कॅन गेला. कॅन दोन मिनिटे चांगला हलवावा. प्रिंटपासून वीतभराहून थोडा जास्त, म्हणजे २५ ते ३० सेंटीमीटर अंतर धरावे, बटण प्रिंटच्या बाहेर दाबून आडवे सरकत जावे आणि प्रिंट ओलांडल्यावरच सोडावे. प्रिंटवर बटण दाबले की तिथे पहिला जाड थेंब पडतो. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि प्रत्येक वेळी प्रिंट काटकोनात फिरवावा. पहिला हात इतका हलका असावा की मारला की नाही अशी शंका यावी. शेवटचा मात्र ओलसर हवा, कारण थेंब एकमेकांत मिसळले नाहीत तर गुळगुळीत पृष्ठभाग तयार होत नाही. आणि ओलसर व ओघळणारा यांतली रेघ फार बारीक आहे, ती प्रत्येकाला आपापल्या कॅनवर सापडते.

पाण्यातले ग्लॉस वॉर्निश दोन वाक्यांत आटोपतो. डायची शाई पाण्याची आहे, वॉर्निशही पाण्याचे आहे, आणि ब्रशचा पहिला फटकारा ओढताच घोड्यामागच्या माणसाच्या लाल फेट्याचा रंग आभाळात गेला. पिगमेंट शाईच्या कॅनव्हास प्रिंटांवर लोक ते चांगले वापरतात, तिथे ते शोभतेही.

परदेशी स्प्रेबद्दल अधिक अपेक्षा होत्या. तो साध्या क्लिअर स्प्रेच्या कितीतरी पट महाग पडला. त्याचे तुषार फार बारीक आणि एकसारखे आहेत, संत्र्याची साल जवळजवळ होत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या खऱ्या कामाची, म्हणजे रंग टिकवण्याची, परीक्षा म्हणून मी सातपुड्याच्या एका फोटोच्या चार पट्ट्या कापल्या. एक उघडी, एकीवर साधा लॅकर, एकीवर हा स्प्रे आणि एक काचेच्या फ्रेममध्ये, अशा चारही पट्ट्या खिडकीसमोरच्या भिंतीवर, थेट ऊन लागणार नाही अशा बेताने, वर्षभर लावून ठेवल्या. उघड्या पट्टीतले आभाळ मळकट गुलाबी झाले. लॅकरची पट्टी तिच्याहून स्पष्टपणे चांगली राहिली. महाग स्प्रेची पट्टी लॅकरच्या थोडी पुढे, पण तिची पांढरी कड आता किंचित मलईच्या रंगाची दिसते. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्ये अतिनील किरणांवर चमकतात, आणि ते किरणच अडवले की ती चमक जाते. तेव्हा हा दोष नसून स्प्रे काम करत असल्याची खूणच म्हणायची. काचेतली पट्टी मात्र चौघींत सरस ठरली.

काच जिंकली यात नवल नाही. सच्छिद्र लेपाच्या कागदावर डायच्या शाईला उजेडाइतकाच धोका हवेतल्या ओझोनचा असतो. निळा-हिरवा सायन रंग आधी उडतो आणि उरलेला फोटो तांबूस दिसू लागतो. २००० साली आलेल्या एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांच्या वेळी काही कागदांवर अशीच नारिंगी झाक येत असल्याचे गाजले होते, आणि तेव्हापासून हवेने रंग उडणे हा विषय या क्षेत्रात गांभीर्याने घेतला जाऊ लागला. स्प्रे छिद्रे बुजवून हवेची वाट कमी करतो, काच ती जवळपास बंदच करते. फोटो फ्रेममध्येच जाणार असेल तर त्यावर स्प्रेचा खर्च करू नये. फक्त काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट बोर्डची चौकट ठेवून थोडे अंतर सोडावे, नाहीतर पावसाळ्यात ग्लॉसी पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि सुटताना रंग काचेवर सोडतो.

कोल्ड लॅमिनेशनची बाजू वेगळी आहे. यात राळ फवारली जात नाही; पाठीला गोंद असलेली पारदर्शक फिल्म दोन रुळांच्या दाबाखाली प्रिंटवर बसवली जाते. आमच्याकडच्या बाजारात ४ बाय ६ इंचाच्या फोटोला मी पाच रुपये दिले. चकाकी एकसारखी मिळते, ऋतूचा प्रश्न येत नाही, वास नाही, आणि हाताळल्या जाणाऱ्या फोटोसाठी ते स्प्रेहून कितीतरी मजबूत आहे. मुलांच्या हातात जाणारे फोटो मी आता असेच करून घेतो. पण जवळून पाहिले की आपण फोटो पाहत नसून प्लास्टिकमधून फोटो पाहत आहोत, ही जाणीव जात नाही. मॅट कागदाच्या खळग्यांत गोंद पोहोचत नाही आणि तिथे अडकलेली हवा चांदीच्या बारीक ठिपक्यांसारखी चमकते, त्यामुळे काळ्या घोड्यावर दव पडल्यासारखे दिसले. एका दुकानात फिल्मखाली केस राहिला तेव्हा दुकानदाराने तो फोटोतलाच असल्याचे मला पटवून देण्याचा प्रयत्न केला. खरबरीत किंवा चकमकी फिल्म लावायचा आग्रहही होतो, तो नम्रपणे नाकारावा. ओळखपत्रांसाठी वापरतात ते गरम लॅमिनेशन तर फोटोला नकोच. आरसी कागदातले प्लास्टिक उष्णतेने मऊ होऊन फोड धरू शकते.

लॅमिनेशनच्या दुकानातून एक गोष्ट फुकट आणावी, ती म्हणजे फिल्मच्या पाठीचा सोलून टाकलेला सिलिकॉनचा कागद. स्प्रे मारलेले प्रिंट एकमेकांवर ठेवले तर मे महिन्यात ॲक्रिलिकचा थर मऊ होऊन ते एकमेकांना चिकटतात; माझे सहा फोटो कपाटात असे एकजीव झाले. त्यांच्यामध्ये हा गुळगुळीत कागद घातला तर काहीच चिकटत नाही. प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्येही स्प्रेचे प्रिंट घालू नयेत, कारण तिथेही तेच होते.

आता धुळ्याच्या मित्राचे यंत्र. त्याच्याकडे कॅननचा २०२० मध्ये आलेला प्रो-३०० आहे. त्यात दहा टाक्या आहेत, नऊ रंगांच्या आणि एक क्रोमा ऑप्टिमायझर नावाच्या बिनरंगाच्या शाईची. सगळ्या रंगीत शाया पिगमेंट जातीच्या असल्यामुळे ग्लॉसी कागदावर जो दुहेरी चकाकीचा आणि ब्राँझिंगचा प्रश्न येतो, तो ही शाई छपाई चालू असतानाच सोडवते. ही कल्पना जुनीच आहे. एप्सनने आपल्या आर८०० मध्ये ग्लॉस ऑप्टिमायझर नावाने अशी शाई वीसेक वर्षांपूर्वीच दिली होती. प्रो-३०० मध्ये ती कुठे टाकायची हे यंत्रावर सोडता येते किंवा संपूर्ण पानावर टाकायला सांगता येते. आम्ही तोच घोडा दोन्ही प्रकारे छापला. यंत्रावर सोडलेल्या प्रिंटमध्ये तिरप्या उजेडात कागदाची कोरी पांढरी जागा आणि छापलेला भाग यांची सीमा अजून पुसटशी कळत होती. संपूर्ण पानावर टाकल्यावर ती नाहीशी झाली. मानेवरचा काळा इतका सपाट आणि खोल की माझ्या स्प्रेच्या कोणत्याही प्रतीची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. धूळ नाही, रुई नाही, थांबणे नाही. मात्र ही टाकी रंगीत टाक्यांच्या आधी संपते, कारण ती पानाच्या प्रत्येक कोपऱ्यात जाते, आणि मित्र दर महिन्याला त्यावर कुरकुरतो. मॅट कागदावर ती वापरलीच जात नाही. ही शाई हवी म्हणून डाय प्रिंटर बदलण्यात अर्थ नाही, कारण डायला तिची गरज नाही. आणि आपल्या टँकच्या प्रिंटरमध्ये एखाद्या रंगाच्या जागी असला पारदर्शक द्रव भरून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर प्रिंटरचे शाई फवारणारे हेड बदलण्याचा खर्च आधी विचारून घ्यावा.

खर्चाचे गणित माझ्या वहीत असे आहे. साधा क्लिअर स्प्रे मला २८० रुपयांना पडला आणि तीन हात धरून ४ बाय ६ चे बत्तीस फोटो त्यात झाले, म्हणजे एका फोटोला पावणेनऊ रुपये, लॅमिनेशनच्या जवळजवळ दुप्पट. मॅट कागदावरच्या मोठ्या प्रिंटांसाठी मी तो पुन्हा घेईन, ग्लॉसीसाठी घेणार नाही. परदेशी स्प्रे पुन्हा घेणार नाही; तेवढ्या पैशांत काचेच्या कितीतरी फ्रेम होतात. काम झाल्यावर कॅन उलटा धरून फक्त वायू येईपर्यंत बटण दाबावे, नाहीतर नोझलमध्ये लॅकर वाळते आणि पुढच्या वेळी भरलेला कॅन टाकून द्यावा लागतो.

यंदाच्या श्रावणातही कानबाईचे फोटो छापले आहेत, या वेळी मॅट कागदावर आणि मोठ्या आकारात. ते साध्या कागदांच्या मध्ये कपाटात आडवे ठेवले आहेत, आणि मावशीला सांगून ठेवले आहे की ते मार्गशीर्षात मिळतील.